मागे राहिलेल्या पेशी

वहिनीच्या अस्थी तापीत सोडून महिना होत आला असेल, तेव्हा हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेतून डॉक्टर मॅडमचा फोन आला. वहिनीच्या रक्तातल्या पेशी त्यांनी अजून जपून ठेवल्या होत्या. अभ्यासासाठी पुढेही वापरू का, असं त्या विचारत होत्या. दादाचा चेहराच उतरला. आपण सगळं विसर्जन केलं आणि हिचं काहीतरी इथेच अडकून राहिलं... आता तिला सुटका कशी मिळणार, असं त्याच्या मनानं घेतलं.

वहिनी गेली हृदयविकारानं, डिंडोलीच्या घरात साडीवर टिकल्या लावता लावता. पण कितीतरी वर्षं तिच्या अंगात काविळीचा एक विषाणू, हिपॅटायटिस सी, होता. जुन्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून आला असावा, असं डॉक्टर म्हणत. आम्ही गुजरातेत येऊन राहिलेली खानदेशी माणसं, कावीळ म्हटली की गळ्यात झाडपाल्याची माळ घालून मोकळे. वहिनीनंही घातली होती! डोळे पांढरे दिसले की आजार पळाला, एवढंच आम्हाला ठाऊक. मॅडमनी मात्र रक्ताची एक जादा नळी मागितली. विषाणू रक्ताच्या पाण्यात तर होताच, पण तो पांढऱ्या पेशींतही दडून बसतो का, ते त्यांना पाहायचं होतं. आणि तिथेही सापडला. दादा हबकला, तर वहिनी त्यालाच म्हणाली, "घरमा उंदीर कोठे बशेल शे ते समजनं, ते बरंच ना?"

पुढे गोळ्यांनी रिपोर्ट साफ आला. तरी वहिनी रक्ताची नळी द्यायला जातच राहिली, कारण पेशींमधूनही तो पुरता गेला का, याचा शोध चालू होता. सुईला भारी घाबरायची. डोळे मिटून, मॅडमचा हात घट्ट धरून त्यांनाच अहिराणीत शिव्या घालायची, आणि गुजराती मॅडम त्या आशीर्वाद समजून हसायच्या. मला तिचा फार अभिमान वाटतो.

आता मॅडमच्या फोनवर दादा म्हणाला, आधी बघू, मग सांगू. मी त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेलो. मॅडमनी फ्रीजर उघडला, गार वाफ बाहेर आली. आत करंगळीएवढ्या कुप्या.

"काका, इनसे अभी बहुत सीखना बाकी है," मॅडम म्हणाल्या. "पर आप मना करेंगे तो नहीं रखेंगे."

दादा कुप्यांवर वाकला. मग त्यानं हळूच मला विचारलं, "तिले आठे थंडी वाजस का रे?"

मी मान हलवली... नाही.

त्यानं डोळे पुसले आणि मॅडमकडे वळून म्हणाला, "राहू द्या तिले. कामवर शे ती."