कूलरच्या पलीकडचा संडास

माझ्या लघवीवर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल. उन्हाळा लागला आणि संडासाच्या वाटेतच दोनतीनदा लुगडं ओलं झालं. बस्स! मुलाने उचललं आणि दवाखान्यात नेलं. लघवी तपासली, सोनोग्राफी केली. सगळं साफ. डॉक्टर माझ्याकडे न बघताच मुलाला म्हणाला, "आजींचं वय झालं." वा रे विद्वान! वय काय उन्हाळ्यातच होतं? हिवाळ्यात कुठं गेलं होतं?

येताना मुलाने मोठ्या माणसांच्या डायपरचं पाकीट घेतलं आणि घरी पोचताच निकालही देऊन टाकला, "माय, कुही गावच्या लग्नात तू नको येऊ. फजिती होईल."

लग्न माझ्या सख्ख्या बहिणीच्या नातीचं! मी न जाऊ?

"फजिती कोणाची गा, माझी का तुझी? मले आता लागली आहे. डॉक्टरने नाही पाह्यलं, तू तरी पाह्य, मी कशी जाते."

होळी झाली की आमचा अगडबंब कूलर पॅसेजमध्ये येऊन बसतो, हवा साहेबांच्या, म्हणजे आमच्या चिरंजीवांच्या, खोलीत जावी म्हणून. मी दुखरे गुडघे घेऊन, भिंत धरून, कूलरच्या बाजूने आडवी सरकले. खाली त्याचंच गळलेलं पाणी. संडासाचं दार कूलरला अडून अर्धंच उघडलं. आत घुसून परकराच्या नाडीची गाठ सोडते न सोडते तोच व्हायचं ते झालं.

मुलाचं तोंड पाहण्यासारखं होतं. "सांगितलं काहून नाही, माय?"

"विचारलं कोणी? माझी लघवी तपासली, माझी वाट कोणी तपासली?"

सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी तर पहिल्या दिवसापासून म्हणून राहिली, कूलर तिथं नका ठेवू."

त्याच संध्याकाळी कूलर खिडकीबाहेर स्टँडवर गेला. सुनेने माझ्या परकरांना नाडीऐवजी इलॅस्टिक घातलं. त्यानंतर माझं वय एकदाही झालं नाही.

लग्नाला मी गेलेच. मांडवात शिरल्याबरोबर आधी संडास कुठं ते विचारलं, मोकळ्या वाटेवरची खुर्ची धरली आणि पंगतीत मठ्ठाही मागून प्याले. मुलगा सारखा माझ्याकडे बघत होता. बघ म्हटलं, पोटभर बघ.

आणि ते डायपर? निघण्याआधीच त्या कूलरखाली अंथरून आले होते. घरात ज्याला गरज होती, त्यालाच दिले.