सिफूकाकांसमोर आम्ही पडायचो

सिफूकाका बसमध्ये कधी दांडा धरत नसत. दिल्लीच्या सरोजिनी नगरहून ऑफिसकडे निघालेल्या सकाळच्या गर्दीत ते गुडघे किंचित वाकवून, डबा काखेत घेऊन उभे राहत. ब्रेक लागला की सगळी बस पुढे कलंडायची आणि हे जागच्या जागी. कंडक्टर म्हणायचा, "बाबूजी, पकड़ लो, गिरोगे." काका म्हणत, "जो पकडतो तो अडकतो." तेही मराठीत. त्याला समजलं नाही तरी त्यांचं काही अडत नसे.

नोकरीच्या सुरुवातीला त्यांची बदली कलकत्त्याला झाली होती. तिथे बूट शिवणाऱ्या एका चिनी म्हाताऱ्याने त्यांना विंग चुन ही हातांनी लढायची चिनी विद्या शिकवली. चिनी लोक गुरूला सिफू म्हणतात, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही सरकारी क्वार्टरांतल्या मुलांनी त्याला काका जोडून टाकलं. रोज सकाळी मागच्या पार्कात आम्ही दहा-बाराजण असायचो. पैसे घेत नसत. शिकवणं एकच: समोरच्याच्या मनगटाला मनगट टेकवायचं, त्याचा जोर कुठे जातोय ते ओळखायचं आणि जोर सरला की तळहात छातीवर. "तोंड खोटं बोलतं, मनगट नाही," असं त्यांचं म्हणणं.

माझा त्यांच्यावर विश्वास बसायला कारण होतं. कॉलेजच्या पहिल्या वर्षी बसमध्ये एकाने माझं मनगट धरलं, मी काकांनी शिकवल्याप्रमाणे कोपर फिरवलं आणि हात सुटला. परत येऊन काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याला लागलं नाही ना फार?"

पण पार्कात एक रीत होती. ती काकांनी लावली नव्हती. मी नवी होते तेव्हा एका मोठ्या मुलाने कानात सांगितलं, "काकांचा हात लागला की मागे जाऊन पडायचं. वडीलधारे आहेत यार, बरं दिसत नाही." वाकून नमस्कार करावा तसे आम्ही पडायचो. दहा वर्षं पडलो. त्या माणसाने आम्हाला एकदाही पडायला सांगितलं नव्हतं. आपल्या हातात ताकद आहे, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं.

आमच्या घरी पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा कर्मचारी संघटनेत. मी अक्षरं पत्रकांवर शिकले आणि गणितं त्यांच्या कोऱ्या पाठीवर सोडवली. गुडगावात शेतं जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्यातल्या एकीत परदेशी कुस्तीचं जिम निघालं. माणसाला जमिनीवर पाडून हातपाय आवळायचे, असा तो प्रकार. बाहेर बोर्ड होता: 'पुरानी कसरत छोड़ो, असली लड़ाई सीखो.' महिन्याची फी बघून माझं डोकं फिरलं. पार्कात फुकट मिळणारी विद्या जुनी, आणि एसीत विकली जाणारी खरी? मी हिंदीत पत्रक लिहिलं, 'बाज़ार के अखाड़े को खुली चुनौती'. शंभर प्रती काढल्या आणि जिमच्या दारात वाटल्या. खाली काकांचं नाव घातलं. काकांना विचारलं नव्हतं.

काकांनी ते दोनदा वाचलं. "वाटलंस?"

"हो."

"मग जावं लागेल."

जिमचा कोच पानिपतचा आहे हे कळल्यावर शेजारचे जोशी हसले. "जपून हो. आपल्या लोकांना तिकडचं पाणी मानवत नाही."

"तेव्हा आपले उपाशी लढले," काका म्हणाले. "मी पोहे खाऊन जाणार आहे."

कोच पंचविशीचा, पहिलवानांचे असतात तसे कान चुरगळलेले. गादीवर येताच तो काकांच्या पाया पडला. मग दोघे भिडले. काकांचा तळहात खरोखर लागला, अगदी शिकवत तसा, छातीच्या मधोमध. आणि काका थांबले. तो पडेल म्हणून थांबले.

तो पडला नाही. खाली वाकून त्याने काकांचे दोन्ही पाय कवळले आणि डोक्यामागे हात देऊन, तान्ह्या मुलाला ठेवावं तसं त्यांना गादीवर ठेवलं. काका उठले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गळ्याभोवती त्याच्या हाताची पकड बसली. गादीवर थाप मारली की सोडतात हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यानेच सोडलं.

"अंकलजी, हाथ तो आपका तेज़ है," तो म्हणाला. आवाजात टिंगल नव्हती. "बस किसी ने आपको रोका नहीं कभी."

परतीच्या बसमध्ये एकाने काकांना जागा दिली आणि ते बसले. मग मला म्हणाले, "तुम्ही पडायचात का गं?"

मी मंत्र्यांकडून सत्य मागणारी पत्रकं लिहिली होती. मी म्हणाले, "नाही, काका."

दुसऱ्या दिवशी पार्कात त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि मला समोर घेतलं. मनगटाला मनगट टेकवलं. "आज पडायचं नाही. उभी राहा." मी दात आवळून उभी राहिले. त्यांचा हात नुसता टेकला आणि माझा पाय मागे गेला. मी नेला नव्हता. दहा वर्षांची सवय होती. मला वाटतं, त्यांना मनगटावरून सगळं कळलं.

"पुरे," ते म्हणाले. वर्ग त्या दिवशी संपला.

विद्या खोटी होती असं मी आजही म्हणणार नाही. बसमधल्या त्या माणसाने हात खरोखर धरला होता आणि तो खरोखर सुटला होता. खोटे आम्ही होतो. आदराच्या नावाखाली आम्ही एका माणसाला दहा वर्षं एकही विरोधक मिळू दिला नाही आणि मग मी त्याच्या नावाने जाहीर आव्हान देऊन त्याला गादीवर पाठवलं.

काही महिन्यांनी काका निवृत्त झाले आणि आपल्या गावी, वाईला परत निघाले. निजामुद्दीन स्टेशनवर पोचवायला मी एकटीच होते. माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवून नेली होती. त्यांनी ऐकून घेतली नाहीत.

"पत्रकं लिहीत राहा," ते म्हणाले. "पण छापायच्या आधी, ज्याला तुझं पटत नाही त्याला वाचायला दे. घरच्यांना नको."

गाडी हलली. काका दारात उभे होते. दोन्ही हातांनी दांडा धरून.