चौकट सपाटीवरच पडत होती

खटावच्या पुढे एका गावाच्या माळावर खडीची खाण होती. ती बंद झाल्यावर खाणवाल्याने खड्डा बुजवला, वर माती पसरली आणि गवताचं बी टाकलं. तिथे गवत धरलंय का, हे मोजायचं काम सरकारी खाणखात्याकडून माझ्याकडे आलं. मी सांगलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. 'धरलंय' असं मी लिहिलं, की खाणवाला मोकळा आणि माळ गावाला परत. 'नाही' लिहिलं, तर त्याने पुन्हा माती आणून टाकायची.

हे तिथे मेंढरं चारणाऱ्या एका मावशींनाही ठाऊक होतं. खाण यायच्या आधी त्यांची मेंढरं त्याच माळावर जगत होती. म्हणून त्या सकाळपासून बाभळीखाली बसून माझ्यावर नजर ठेवून होत्या. मला ते मुळीच आवडलं नव्हतं.

मोजायची रीत साधी आहे. हातभर रुंदीची सळईची चौकट डोळे मिटून खांद्यावरून मागे फेकायची आणि पडेल तिथे बसून आतली रोपं मोजायची. आपल्याला हवी तीच जागा निवडली जाऊ नये, म्हणून डोळे मिटायचे. वर्गात एखाद्याने डोळा किलकिला ठेवला, की मी त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढते.

सकाळी दोनदा चौकट उतारावर पडली आणि घरंगळत पार तळाला गेली. दोन्ही वेळा मी निसरड्या मुरुमावरून बसत-घसरत जाऊन ती आणली. त्यानंतर काम सुरळीत चाललं. दुपारी मावशी उठून जवळ आल्या.

"बाई, एक इचारू? तुमी सारखं उताराकडं तोंड करून हुब्या ऱ्हाताय. मग त्ये मागं सपाटीवरच पडतंय की."

"मी डोळे मिटून फेकते, मावशी. ही शास्त्रीय पद्धत आहे."

"डोळं मिटल्यालं दिसलं मला. पाय कुटं हायत त्येबी बगा की. सपाटी हाय केवढी? समदा माळ उतारालाच हाय."

मला राग आला. मेंढरं राखणाऱ्या बाईने मला मोजणी शिकवावी, याचा राग. खोटं कशाला बोलू? मी काहीतरी जड शब्द फेकले आणि उरलेल्या चौकटी पुन्हा तशाच टाकल्या. वहीत गवतच गवत झालं. 'धरलंय' असं लिहून मी अहवाल पाठवून दिला.

पण मावशींचं बोलणं काही डोक्यातून जाईना. वर्गात चौकट हातात घेतली, की पाय कुठे आहेत हे मी बघायला लागले. शेवटी माघात एका रविवारी स्वतःच्या खर्चाने गेले. उतारावर वरपासून खालपर्यंत दोरी ताणली आणि दर दहा पावलांवर, जिथे येईल तिथे, चौकट ठेवली. आत मुरूम निघाला, दगड निघाले, कुठे घाणेरीचं झुडूप. गवताच्या चार काड्या मोजायला मला चष्मा पुसावा लागला. लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

दुरुस्तीचं पत्र लिहिलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची, कशाला उघडताय?" तरी पाठवलं. खात्याचं उत्तर आलं, की पहिल्या अहवालावरून खाणवाल्याची जबाबदारी संपली आहे, आता काही करता येणार नाही.

ते सांगायला मी परत माळावर गेले. मावशींना पत्र वाचून दाखवलं.

"मग आता माती कोन टाकनार?"

"कुणी नाही."

त्या उताराकडे वळल्या. मग म्हणाल्या, "माजंच चुकलं. तवाच तुमचा हात धरून तुमास्नी फिरवून हुबं कराय पायजे हुतं. शिकल्याली बाई म्हनून भ्याले."

चूक माझी होती, हे मी म्हणेपर्यंत त्या मेंढरं वळवायला निघूनही गेल्या होत्या.