कोपरात वाढलेलं हाड

गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना जिन्यात पाय घसरला आणि मी उजव्या हातावर पडले. कोपराचा सांधा निखळला. तो बसवला, प्लास्टर घातलं, काढलं. पण हात काटकोनाच्या आसपासच अडकून राहिला. हिमायतनगरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी बजावलं, "तुम्हीच हळूहळू वाकवा. जोर नको, मालिश तर अजिबात नको."

सासूबाईंना ते पटलं नाही. त्या जन्मापासून गौलीगुड्याच्या जुन्या वस्तीतल्या. त्यांच्याकडे काही मुरगळलं की तेल चोळूनच बरं व्हायचं. "लाकूड होईल हाताचं," म्हणत त्या रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करायच्या, चोळायच्या आणि मग मनगट धरून हात ओढायच्या. मी कळवळले की म्हणायच्या, "थोडा सबर कर गं." डाव्या हातानं जेवून मी इतकी कंटाळले होते, की मीही हात पुढे करत राहिले.

कोपर सुजलं, गरम लागायला लागलं, आणि वळत होतं तेवढंही वळेना. कोठी भागातल्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. सांध्यापुढच्या स्नायूत पांढुरका ढग दिसत होता. नको तिथं हाड वाढलं होतं.

"मालिश कराए क्या?" त्यांनी विचारलं.

सासूबाईच म्हणाल्या, "हौ. मैंच करी."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. "उसके बगैर भी हो जाता कभी कभी, अम्मा."

"मग काढून टाका," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. कच्चं हाड काढलं तर पुन्हा वाढतं. ते पिकेपर्यंत थांबायचं.

जवळजवळ वर्ष त्या थांबण्यात गेलं. हात मानेमागे जात नव्हता, म्हणून माझी वेणी सासूबाई घालायच्या. एका सकाळी मागून आवाज आला, "माझ्या हातानं झालं हे."

"डॉक्टर म्हणाले ना, आई, तसंही होतं."

"ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले."

त्यांची समजूत काढायला हवी होती. पण रात्रभर ठणका होता, अंगात तेवढं त्राणच नव्हतं. "वेणी फार घट्ट झालीय, आई," एवढंच म्हणाले. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा घातली.

शेवटी ऑपरेशन झालं. टाके निघाल्यावर उजव्या हातानं वरणभाताचा घास उचलला. हात तोंडापर्यंत पोचेना, तेव्हा मानच खाली नेली. घास तोंडात गेला. सासूबाई ताटावर तशाच बसून माझ्याकडे बघत होत्या. मी दुसरा घास घेतला, तेव्हा त्यांनी भात कालवला.

आता हात तोंडाशी येतो. पूर्ण सरळ होत नाही, होणारही नाही. व्यायाम काही दिवस चुकला तरी कोपर आखडतं. ऑफिसातून आल्यावर नुसतं पडून राहावंसं वाटतं. तरी खुर्चीत बसते आणि हात वाकवते, सोडते, पुन्हा वाकवते.