उंच उडीची गादी

आमच्या कॉलेजच्या क्रीडा विभागाची मी प्रमुख झाले तेव्हा त्या विभागात माझ्याशिवाय दुसरं कोणीच नव्हतं. आधीचे सर निवृत्त होताना एका कपाटाची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "घ्या मॅडम, हा आपला विभाग." कपाटात दोन व्हॉलीबॉल होते, त्यातला एक बसलेला. शिवाय गोळाफेकीचे तीन गोळे, एक मोजपट्टी आणि कुठल्या कुठल्या सत्कारातले वाळलेले हार. हार टाकून दिले, बाकीचं पुसून ठेवलं. दाराबाहेर 'विभागप्रमुख' अशी पाटी लागली तेव्हा मात्र मला खरंच आनंद झाला. दोन दिवस मी ती पाटी वाचूनच आत जायची.

वाशिम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे खाजगी संस्थेचं कॉलेज. मुली आसपासच्या खेड्यांतून सकाळच्या एसटीनं येतात आणि दुपारच्या एसटीनं परत जातात. खेळायला मिळतो तो वेळ तास संपल्यावर आणि गाडी लागायच्या आधी, तेवढाच.

अशीच एक मुलगी केनवडहून यायची. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. उंच, सडसडीत, बोलायला अगदी कमी. एकदा मैदानाच्या कडेला दोघी मुली दोरी धरून उभ्या होत्या आणि ही ओढणी कमरेला खोचून त्या दोरीवरून पलीकडे जात होती. दोरी वर चढत गेली, बाकीच्या मुली एकेक करून बाजूला झाल्या, हिचं चालूच. एक पाय आधी, दुसरा मागून, कैचीसारखे. पलीकडे मुरमावर उतरून ती तळपाय झटकायची आणि पुन्हा जागेवर यायची. मी त्याच दिवशी तिचं नाव आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी लिहून टाकलं.

स्पर्धा अमरावतीला होती. तिथं पहिल्यांदाच तिनं उंच उडीची फोमची गादी पाहिली, पलंगाएवढी उंच आणि खोलीएवढी रुंद. तिनं जाऊन हातानं दाबून बघितली. बाकीच्या मुली वळण घेत धावत येत, आडव्या काठीकडे पाठ करून उडत आणि पाठीवरच गादीत पडत. आमची मुलगी एकटीच कैची मारत होती. त्या पद्धतीनं अंगाला जेवढं जमतं तेवढं तिनं केलं आणि पाचवी आली.

परतीच्या गाडीत वाशिम आल्यावर ती म्हणाली, "मॅडम, त्याहीच्या अन् माह्या उडीत लई फरक नाई. त्याहीले पडाले जागा हाय."

"शिकायचं का तुला पाठीवरून?"

"शिकीन. पण मुरमावर पाठ कशी टाकू?"

मुरमावर पाठ टाक, असं कोण कोणाला सांगेल?

दुसऱ्या दिवशी मी संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे. सगळे अर्ज तिथंच, बियाण्यांच्या पोत्यांमधे बसून मंजूर किंवा नामंजूर होतात. मनानं चांगला माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मॅडम, संस्थेकडून नाई होत. गावातून जमवा. तुमी विभागप्रमुख आहात, तुमच्या शब्दाले मान हाय."

मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजारणीकडून विरजण मागायलाही मी धाकट्या बहिणीला पाठवायची. त्या आठवड्यात मी पाच दुकानांत गेले. प्रत्येक ठिकाणी खेळाचं महत्त्व, मुलींचं आरोग्य, ग्रामीण भागातली गुणवत्ता यावर बोलले, चहा घेतला आणि मुख्य गोष्ट न मागताच बाहेर आले. एका कापड दुकानदारानं तर भाषण आवडलं म्हणून मला गणपतीच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं.

सहाव्या दिवशी मी बसस्टँडमागच्या गादी कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, कापूस पिंजायची मशीन आणि फोमचे ढीग. मालक साठीच्या पुढचे. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. दाढीत कापसाचे तंतू अडकलेले. मी सुरू केलं, "चाचा, आजच्या काळात खेळाचं महत्त्व..."

त्यांनी सुई खाली ठेवली. "मॅडम, ये तकरीर-भाषण बाद में. पायजे काय ते बोला."

"उंच उडीसाठी गादी पाहिजे," मी म्हणाले. इतकं छोटं वाक्य होतं ते.

"केवढी?"

मी हात पसरून दाखवलं, मग आणखी पसरले. चाचा हसले. "आजवर लोकाइले झोपाले गाद्या केल्या. कुदाले कधी नाई केली. पण होइन. माहा हात फुकट हाय. फोम तेवढा तुमी आणा. नवा नाई लागत. सोफेवाले, सीटवाले कातरण फेकून देतात, ते आणा."

चाचांच्या 'पायजे काय ते बोला'नं मला मागायला शिकवलं. दुसऱ्या दिवसापासून मी दुकानात शिरले की पहिल्या वाक्यातच सांगायची, "उंच उडीच्या गादीसाठी फोमचं कातरण पाहिजे." लोक चकित व्हायचे, मग आत बघायचे. कोणाकडे काही ना काही असायचंच. वाशिमच्या एका सोफेवाल्यानं चार पोती भरून दिली. आसेगावला आमचा एक जुना विद्यार्थी ट्रॅक्टरच्या सीटा शिवतो. तो स्वतः मोटारसायकलवर एवढं मोठं गाठोडं बांधून आला, की समोरून पाहिलं तर गाठोडंच गाडी चालवत आहे असं वाटावं. मुलींनी घरोघरच्या फाटक्या उश्या आणल्या. दोन महिन्यांत क्रीडा विभागाचं दार उघडेनासं झालं. माझी खुर्ची बाहेर, पाटीखाली आली.

चाचांनी कातरणाचे जाळीदार पिशव्यांमधे गठ्ठे भरले, त्यांचे तीन मोठे भाग केले आणि वरून ताडपत्री शिवली. मैदानावर ते तीन भाग एकमेकांना लावून ठेवले तेव्हा सगळं कॉलेज बघायला आलं.

आता मी केलेली चूक सांगते.

अध्यक्षांनी उद्घाटन ठरवलं. दोन पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी चाचा म्हणाले, "मॅडम, तिन्ही भाग आपसात बांधाचे राह्यले. उद्याचा दिवस द्या." मी म्हटलं, उद्या तर पाहुणे आहेत, एकच उडी दाखवायची आहे, चालेल. चाचांनी सुई पिशवीत ठेवली. सकाळी फीत कापली, टाळ्या झाल्या आणि मी मुलीला खूण केली. तिनं तिची कैचीच मारली, नेहमीसारखी सुरेख. उतरताना दोन भाग बाजूला सरकले. तिचा पाय त्या फटीत गेला आणि तोल सावरताना हात खाली अंगाच्या वजनाखाली आला.

दवाखान्यात हाताचा एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं, मनगट मुरगळलं होतं. तीन आठवडे पट्टी. मुलगी माझीच समजूत घालत होती, "दुखत नाई मॅडम." ते ऐकून मला आणखी वाईट वाटलं.

मी तिला घेऊन केनवडला गेले. वडील बाहेरगावी कामाला होते. आई अंगणात शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवत होती. बसस्टँडपासून घरापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत आले होते. तिथं पोचल्यावर चाचांचं ऐकून थेट बोलायचं ठरवलं. मी म्हणाले, "ताई, चूक माझी आहे. गादी पूर्ण झाली नव्हती. मला माहीत होतं. पाहुणे होते म्हणून मी तिला उडायला लावलं."

आईनं मुलीचा हात उलटसुलट करून पाहिला. मग मला विचारलं, "उद्घाटन कोनाचं होतं?"

"अध्यक्षांचं."

"उडी कोनाची होती?"

"हिची."

"मंग हिले इचारलं होतं का, तयार हायेस का म्हणून?"

मी नाही म्हणाले. मला वाटलं, आता ती मुलीचं खेळणं बंद करणार. ती उठली, आतून पाणी आणलं आणि म्हणाली, "पुढच्या बारीनं इचारजा. गादी काढून टाकू नका पण. पोरीनं माह्या दोन उश्या देल्या त्याच्यात."

परतीच्या वाटेवर मला रडूही येत होतं आणि हसूही.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांच्या दुकानात गेले आणि त्यांनाही तेच सांगितलं: चूक माझी, आणि यापुढे गादीवर कोण कधी उडेल ते चाचा आणि ती मुलगी ठरवतील, पाहुणे असोत की नसोत. ते पावती लिहीत होते. पेन थांबला. मी राजीनाम्याच्या तयारीनंच गेले होते म्हणा ना. ते म्हणाले, "घाई मीच केली होती मॅडम. तुमी नाई म्हनाले पायजे होतं. अन् म्या तुमाले नाई म्हनू देलं पायजे होतं." मग विषय बदलावा तसं विचारलं, "आता काय लागते?"

मला चाचांनी सकाळीच सांगितलं होतं. ताडपत्री सगळीकडून बंद असल्यानं आत हवा कोंडते, गादी फुगलेल्या फुग्यासारखी कडक होते. बाजूंना हवा जाईल असं कापड हवं. "शेडनेट पाहिजे," मी म्हणाले. भाजीपाल्याच्या रोपांवर टाकतात ती हिरवी जाळी. त्यांच्या दुकानात तिचे गुंडाळेच्या गुंडाळे उभे होते. त्यांनी स्वतः उठून एक काढून दिला.

पुढचे तीन आठवडे चाचा दुपारची नमाज झाली की मैदानावर यायचे. सगळं उसवलं. तिन्ही भाग पट्ट्यांनी आपसात आवळले, वरून एकच अखंड खोळ घातली, बाजूंना हिरवी जाळी शिवली. काम संपलं तेव्हा मुलीच्या हाताची पट्टी निघाली होती. मी तिला विचारलं, "तयार आहेस का?"

"नाई," ती म्हणाली. इतक्या चटकन म्हणाली की मला बरंच वाटलं.

"माले पाठीवर पडाचं भेव वाटते."

चाचांनी हे ऐकलं. त्यांनी चपला काढल्या, टोपी नीट केली, कॅंटीनमधलं स्टूल गादीजवळ ओढलं आणि त्यावर गादीकडे पाठ करून उभे राहिले. मी पुढे धावले. "चाचा, वयाकडे बघा जरा."

"मॅडम, माही गादी हाय. माह्या पाठीनं पह्यले पाह्यलं पायजे."

आणि ते सरळ मागे पडले. गादीनं भस्सकन श्वास सोडला. चाचा छातीवर हात ठेवून आभाळाकडे बघत पडून राहिले. बऱ्याच वेळानं आवाज आला, "बेटी, ये. झोप लागून राह्यली इथं."

त्या दिवशी दुपारची एसटी तीन मुलींची चुकली. सगळ्याच जणी स्टुलावरून मागे पडून बघत होत्या. मीही पडले. वजन अठ्ठेचाळीस किलो होतं त्या वयात जे सुचलं नसतं, ते आता सुचलं.

केनवडची मुलगी आधी स्टुलावरून, मग दोन पावलांनी, मग वळणाच्या धावेनं उडू लागली. कधी काठीच अंगावर घेऊन पडायची, कधी पाठ आधीच टेकायची. मी मोबाईलवर तिच्या उड्या टिपायची आणि आम्ही दोघी पाटीखाली बसून त्या पुन्हा पुन्हा बघायचो. 'आज करू का?' हा प्रश्न मी रोज विचारत होते. कधी कधी ती नाही म्हणायची. त्या दिवशी आम्ही नुसतं धावणं करायचो.

पुढच्या स्पर्धेत ती तिसरी आली. मागच्या वर्षी जिथं अडली होती ती उंची तिनं पहिल्याच प्रयत्नात पार केली. त्याच्या पुढच्या उंचीला तिची टाच काठीला लागली. काठी थरथरली, पण पडली नाही. ती गादीत पडल्या पडल्या काठीकडे बघत राहिली, स्थिर झाल्यावरच उठली. दोन मुली तिच्यापेक्षा चांगल्या होत्या, हे तिनंच मला आधी सांगितलं. "पह्यलीची धाव पाहा मॅडम. आपल्याले ते शिकाचं हाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही केनवडला गेलो. आईनं हातातलं काम थांबवून माझ्या मोबाईलवर उडी पाहिली. तिचा चेहरा काही बदलेना. तिनं पुन्हा लावायला सांगितलं.

"उडी कुठी हाय यात?" तिनं विचारलं. "ही तं धावून आली अन् पडली."

मुलगी हसत हसत भिंतीला टेकली. मी व्हिडिओ हळू चालवला आणि जिथं तिची पाठ काठीच्या वर, पाय अजून अलीकडे आणि डोकं पलीकडे होतं, तिथं थांबवलं. आईनं मोबाईल हातात घेतला, उन्हातून सावलीत नेला, अगदी डोळ्यांजवळ धरला.

"बाप्पा," ती हळूच म्हणाली. "एवढ्या वर गेलती तू?"

मग शेजारणीला दाखवायला माझा मोबाईल घेऊन ती घराबाहेर पडली. एका घरातून दुसऱ्या घरात जाऊन तिला परत यायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही दोघींनी चहा करून प्यायला.