पापडाची परीक्षा

हिंदी मुलखातल्या गढा गावातले आमचे शेजारी काका कुठल्याही प्रश्नाला आधी ‘देखो, ऐसा है’ म्हणतात आणि मग मराठीत उत्तर देतात. यंदा भर पावसाळ्यात त्यांनी परसात कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं. आत ओल राहते का, हे पाहायला ते रोज संध्याकाळी त्यात एक भाजलेला पापड टांगत. सकाळी तो मऊ पडलेला दिसला की आणखी एक जाळीची खिडकी पाडत.

“काका, कोंबड्या काहून नाही आणून राहिले?” मी विचारलं.

“देखो, ऐसा है, आधी पापड कडकन मोडला पाहिजे.”

परवा मोडला. काका कोंबड्या घेऊन परतले, तोवर काकूंनी वर्षभराचे पापड-कुरडया खुराड्यात नेऊन दाराला कुलूप घातलं होतं.

“अहो, आपल्या घरात इतकी कोरडी जागा आहे काय कुठं?”

“देखो, ऐसा है,” काका म्हणाले, आणि कोंबड्या घेऊन घरात शिरले.

कोंबड्या सध्या स्वयंपाकघरात आहेत.