कुर्लीसरांचा जंतू

कुर्लीसरांच्या डाव्या हाताची बोटं सदा टोचलेली. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून माझा जन्म गेला, पण स्वतःचंच रक्त काढून कामाला बसणारा असला अवलिया दुसरा पाहिला नाही.

भाट्याच्या खाडीवरून ते जिवंत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, आणायचे. "अगो, ही चिखलात लोळते, पाय तुटला तरी सडत नाही. हिच्या रक्तातच औषध आहे!" त्या रक्तात पेप्टाइड असतात, म्हणजे प्रथिनांचे इवलाले तुकडे. ते जंतूच्या आवरणाला भोकं पाडतात. नेहमीच्या अँटिबायोटिक्सना जंतू जुमानेनासे झालेत, तिथे हे चालेल, अशी सरांची आशा.

कुर्लीच्या रक्ताचा प्रत्येक अर्क आधी स्वतःच्या रक्तावर टाकायचे. रक्तपेशी फुटल्या की बाटली बाद. मी करवादायचे, "टोचल्या बोटांनी कुर्ल्या धरू नका हो, मोजे घाला!"

"मोज्यातनं कुर्ली कळत नाही गो."

गेल्या वर्षी अशाच एका टोचल्या बोटाला कुर्लीची नांगी लागली. दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. दवाखान्यातून जखमेतला पू आमच्याकडे आला, मीच जंतू वाढवायच्या प्लेटवर लावला, वर औषधांच्या चकत्या ठेवल्या आणि शेजारी आमचे अर्क, बाद झालेलेसुद्धा. दुसऱ्या दिवशी झाकण काढलं तर गोडसर वास, आणि औषधाच्या एकूणएक चकतीला चिकटून जंतू खुशाल वाढलेला. फक्त एका बाद अर्काभोवती स्वच्छ कडं.

त्या अर्काची बाटली पर्समध्ये घालून मी दवाखान्यात धावले. "सर, हे मारतंय त्याला! डॉक्टरांना सांगू?"

सर तापानं फणफणलेले, तरी हसले. "आणि माझं रक्त फुटेल त्याचं काय? परत ने ती. जंतू मात्र मरू देऊ नको हं. त्याच्यावरच औषध शोधायचंय."

"त्या मेल्याचं कसलं कौतुक!" मी रडत ओरडले.

चौथ्या दिवशी सर गेले.

मला फार आठवण येते त्यांची. दर पंधरवड्याला मी तो जंतू नव्या प्लेटवर उतरवते. ज्यानं सरांना खाल्लं, त्याला माझ्याच हातानं भरवते. औषध अजून सापडलेलं नाही.

परवा त्याच दवाखान्यातून आणखी एक नमुना आला. प्लेट उघडली, तोच गोडसर वास आला. नमुन्यासोबतची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचली. खाडीचं, कुर्लीचं तिथे नावही नव्हतं. पेशंट चारच दिवसांपूर्वी त्याच दवाखान्यात बाळंत झालेली होती.